‘आत्ता एवढंच कळलंय’ असं म्हणता येणारी निवेदिका

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली आहे, बीएच्या शेवटच्या वर्षाला शिकते. मला मराठी न्यूज चॅनेलवर अँकर व्हायचंय. माझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे. पुण्या-मुंबईला जाऊन अँकरिंगचा कोर्स करू, की इथंच एखाद्या चॅनेलची तालुका प्रतिनिधी म्हणून काम सुरू करू? आणि पुढे यात पोटापाण्याचं काही होतं का?

उत्तर : तुझा प्रश्न वाचला आणि मला मिरज स्टेशन आठवलं. एप्रिल 2016. लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे मिरजेतून निघत होती आणि मी तिथं माईक धरून उभी होते. तेव्हा कोल्हापूर-सांगलीचं रिपोर्टिंग माझ्याकडे होतं. कानातल्या इअरपीसमध्ये मुंबईहून सांगणं चालू होतं, ‘50 वाघिणी म्हण, 25 लाख लिटर म्हण.’ दोन दिवस तोच आकडा सगळीकडे फिरत होता, कारण योजनाच 50 वाघिणींच्या, म्हणजे टाकीच्या डब्यांच्या, गाड्यांची होती. पण लाइव्हच्या आधी मी आणि माझा कॅमेरामन रुळांच्या कडेनं चालत जाऊन आलो होतो. भरलेल्या वाघिणी होत्या 10. म्हणजे सुमारे 5 लाख लिटर. मी तेवढंच बोलले. कानात थोडी चिडचिड ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला तेवढंच पाणी पोहोचलं. 50 वाघिणींच्या फेऱ्या नंतर सुरू झाल्या.

तिकडे तुमच्या घरात त्या दिवशी कुणीतरी टीव्ही लावून बसलं असेल. आपल्याला किती पाणी मिळणार, हे त्यांना कळायला हवं होतं. 10 च्या जागी 50 म्हणणं म्हणजे त्यांच्या हंड्याशी खोटं बोलणं होतं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे : आधी जिल्ह्यात रिपोर्टिंग कर. निदान तीन वर्षं. मग स्टुडिओत ये.

असं का म्हणते ते सांगते. अँकर म्हणजे टेलिप्रॉम्प्टरवर आलेलं सुंदर आवाजात वाचणारी, असा समज आहे. ते वाचन कुणालाही दोन-तीन महिन्यांत जमतं. प्रॉम्प्टर चालवणारा तुझ्या वेगानं ओळी सरकवतो, घाई करू नये एवढं कळलं की झालं. खरं काम सुरू होतं प्रॉम्प्टर रिकामा झाल्यावर. आठचं बुलेटिन चालू आहे, रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमाच्या यादीत, पुढची बातमी कांद्याच्या भावाची आहे, आणि पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून, प्रोड्यूसर कानात म्हणतो, ‘ब्रेकिंग घे, अमुक ठिकाणी बस दरीत, बाकी काही नाही, रिपोर्टर वाटेत आहे, खेच.’ हातात एक ओळ. खेचायचं दहा मिनिटं. मागे जुने शॉट लूपमध्ये फिरताहेत. या दहा मिनिटांत अँकर काय बोलते, त्यावरून तिची पारख होते.

ज्यांनी कधी घटनास्थळ पाहिलेलं नाही ते ही दहा मिनिटं विशेषणांनी भरतात : भीषण, थरारक, काळजाचा थरकाप उडवणारी. आणि विशेषणं संपली की अंदाज सुरू होतो, ब्रेक फेल झाले असतील, ड्रायव्हरला डुलकी लागली असेल. ज्यानं घाटात अपघात कव्हर केलेत त्याला माहीत असतं की आत्ता तिथं काय चाललं असणार. पहिले खाली उतरतात ते आसपासचे गावकरी आणि ट्रेकर्स. क्रेन नंतर येते. जखमींना आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून जिल्हा रुग्णालयात हलवतात. त्यामुळे पहिल्या दोन तासांत प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा येतो, कारण एकच जखमी दोनदा मोजला जातो. हे सांगता येतं. हे खरं असतं आणि घरच्या माणसाच्या उपयोगाचं असतं. आणि मग न लाजता म्हणता येतं, ‘आत्ता एवढंच कळलंय.’ हे वाक्य म्हणायला जो धीर लागतो तो मला फिल्डवरच मिळाला.

इर्शाळवाडीची सकाळ घे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. 20 तारखेला सकाळच्या शिफ्टला मी होते. वर गाडी जात नाही, पायवाट, चिखल, पाऊस, नेटवर्क धड नाही. यंत्रं वर नेता येत नव्हती, हातानं माती उपसणं चालू होतं. डेस्कवर प्रत्येकाला आकडा हवा होता. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते. टॉप बँडवर, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, टाकायला 27 अधिक 57 ही बेरीज फार सोपी. पण ‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेली मुलं खाली बसून होती. आपले आईबाप कुठल्या रकान्यात आहेत, हे त्यांना टीव्हीवरच्या बेरजेतून कळावं, हे मला मान्य नव्हतं. मी त्या चारही दिवसांत ती बेरीज बोलले नाही.

आता तुझ्या हेलाकडे येते, कारण मला वाटतं तुला खरी काळजी त्याचीच आहे.

हेल आणि उच्चार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेल म्हणजे वाक्याची चाल. ती बातमीत थोडी सपाट करावी लागते, सरावानं होते, आणि थोडी राहिली तरी बिघडत नाही. माझी कोल्हापुरी चाल अजून लाइव्हमध्ये डोकावते. पण उच्चार पक्का हवा. ‘चार छावण्यांत चारा संपला’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एक नाही. ‘जात’ म्हणजे कास्ट आणि ‘जात आहे’मधलं जात, दोन्हींचा ज वेगळा. ण आणि न, श आणि ष हे सगळे सांगतात. च-ज-झ चं कुणी सांगत नाही, आणि हल्ली शहरी, इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलामुलींचं तिथंच अडतं. तू मराठवाड्यात मराठी ऐकत वाढलीस. ही तुझ्याकडची मोठी शिदोरी आहे.

दुसरं, आकडे. 1 ते 100 मराठीत न अडखळता आले पाहिजेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर इथं भलेभले घसरतात. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठपासून दुपारपर्यंत फक्त आकडेच बोलायचे असतात. 2024 च्या विधानसभेला 288 जागा होत्या, बहुमताला 145. प्रत्येक जागेची फेरीगणिक आघाडी बदलते, आणि ‘आघाडीवर’ व ‘विजयी’ यांतला फरक थकलेल्या जिभेला बारा तास सांभाळावा लागतो. पोस्टल मतं आधी मोजायला घेतात, त्यामुळे साडेआठच्या सुमाराला दिसणारी आघाडी यंत्रं उघडली की उलटू शकते. हे ज्याला माहीत आहे तो साडेआठला कुणाला निवडून आणत नाही.

तिसरं, गावांची नावं. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण प्रादेशिक चॅनेलची खरी कसोटी इथं आहे. ‘शिरूरजवळ भीषण अपघात’ असा फ्लॅश आला. कुठलं शिरूर? पुण्याचं, बीडचं शिरूर कासार, की तुमच्या लातूरचं शिरूर अनंतपाळ? कर्जत दोन आहेत, एक रायगडात, एक अहिल्यानगर जिल्ह्यात. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं. खेड पुण्याचं आणि रत्नागिरीचं. कळंब धाराशिवचं आणि यवतमाळचं. दिल्लीच्या चॅनेलला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र तीन जिल्ह्यांतली माणसं एकाच वेळी घरी फोन लावायला लागतात. माझ्या पहिल्या वर्षी डेस्कवरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं, जिल्ह्याचं नाव गावाच्या आधी घे. मी आजही घेते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांनी तिथून बातम्या वाचल्या. आमच्या घरी बातम्या सुरू झाल्या की आजी रेडिओसुद्धा बंद करायची. तेव्हा दिवसाला मोजकी बुलेटिनं होती, मजकूर आधी लिहून, तपासून हातात यायचा. 2007 पासून झी 24 तास, स्टार माझा, मग आयबीएन लोकमत अशी चोवीस तासांची मराठी चॅनेलं आली आणि मजकूर तपासायचं काम अँकरच्याच डोक्यावर येऊन बसलं. त्या पिढीचा संथपणा आज कुणी मागू नये, पण शब्द तोंडातून जाण्याआधी त्याचं वजन करायची त्यांची सवय अजूनही शिकण्यासारखी आहे. जुन्या क्लिप शोधून ऐक, वाक्याच्या शेवटी आवाज कसा खाली ठेवतात ते बघ.

जिल्ह्यातलं काम कसं असतं ते सांगते. मी 2008 मध्ये कोल्हापुरात सुरुवात केली तेव्हा टेपवर शूट करायचो. घरी येऊन कॅप्चर करायचं आणि रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरून एफटीपीनं पाठवायचं. दीड मिनिटाचं फुटेज जायला कधी कधी तास लागायचा. आज पाठीवरचं थेट प्रक्षेपणाचं यंत्र, बॅकपॅक आहे, मोबाइलवरून लाइव्ह होतं. साधनं बदलली. माणसं ओळखण्याचं काम तसंच आहे. तालुका प्रतिनिधीची खरी मिळकत म्हणजे त्याच्या फोनमधले नंबर : एसटी डेपोचा कंट्रोलर, पाटबंधारे खात्याच्या नियंत्रण कक्षातला माणूस, सिव्हिलच्या अपघात विभागातली सिस्टर, बाजार समितीतला हमाल, तहसीलमधला अव्वल कारकून. मंत्र्याचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, कुणालाही मिळते. रात्री दोनला धरणातून किती विसर्ग सोडलाय हे खात्रीनं सांगणारा माणूस मिळवायला वर्षं लागतात.

पंचगंगेचंच बघ. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला हे पाठ असतं. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मी मुंबईत स्टुडिओत होते आणि माझे आईवडील कोल्हापुरात पहिल्या मजल्यावर अडकलेले होते. डेस्ककडून ओळ आली, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूरकरांची झोप उडाली.’ ती ऐकून कुणालाही वाटावं की कुणी तरी अचानक जाऊन धरण सोडलं. मी ती ओळ बाजूला ठेवली आणि दरवाजे कसे उघडतात, एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं, ते शहराजवळच्या पातळीत दिसायला मध्ये काही तास जातात, हे सांगितलं. त्या रात्री आईचा फोन लागला तेव्हा ती म्हणाली, ‘तुझं ऐकून खालच्या काकूंनी सामान वर आणलं गं.’ पगारवाढीपेक्षा मला ते मोठं वाटलं होतं.

आणि आता जे सांगायला मला जड जातं ते.

2010 च्या सुमाराची गोष्ट. एका गावात लहान मुलीवर अत्याचार झाला होता. मी गेले, चुलत्याचा बाइट घेतला, डेस्कनं त्याचा चेहरा धूसर केला. नाव घेतलं नाही. मला वाटलं, सगळं नियमात केलंय. पण माझ्या पीटूसीच्या, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोललेल्या भागाच्या, मागे ग्रामपंचायतीची पाटी होती, आणि चुलत्याचा आवाज तसाच होता. दोन दिवसांनी मुलीच्या आईचा फोन आला. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, आता तिला शाळेत कशी पाठवू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

पुढे 2012 मध्ये पोक्सो कायदा आला. त्याच्या कलम 23 मध्ये नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, मुलाची ओळख पटेल असं काहीही देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रौढ पीडितांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत ते 228-अ होतं. ही कलमं पाठ कर, पण त्याआधी फ्रेम बघायला शीक : मागे पाटी आहे का, देवळाचा कळस आहे का, मोटरसायकलचा नंबर दिसतोय का, आवाज बदललाय का. हे कॅमेरामनवर सोडू नकोस.

दुःखात बुडालेल्या माणसासमोर बूम, म्हणजे चॅनेलचा माईक, धरायची वेळ तुझ्यावर येईलच. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ हा प्रश्न विचारू नकोस. त्याला काय वाटतंय ते तुला दिसतंय. ‘प्रशासनाचं कुणी येऊन गेलं का?’, ‘रात्री जेवण कुठून आलं?’, ‘पाणी वाढतंय हे तुम्हाला कुणी कळवलं होतं का?’ असं विचार. या प्रश्नांना उत्तर मिळतं, त्यातून बातमी निघते, आणि माणसाचा मान राहतो. तो नको म्हणाला तर माईक खाली घे. डेस्कला सांग, बाइट मिळाला नाही. त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

26 नोव्हेंबर 2008 ला, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, आमच्या सगळ्या क्षेत्राला एक धडा मिळाला. कमांडो कुठून उतरताहेत, हे चॅनेलं थेट दाखवत होती. पुढे 2012 मध्ये कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले, आणि 2015 मध्ये केबल नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. नेमलेल्या अधिकाऱ्यानं दिलेली माहितीच द्यायची. नवे रिपोर्टर मला विचारतात, मग आम्ही तिथं उभं राहून करायचं काय? कॉर्डनच्या बाहेर काय आहे ते सांगायचं : कुठला रस्ता बंद आहे, लोकल चालू आहेत का, रक्तदानाची गरज आहे का. लोकांना तेच हवं असतं.

पैशांचं विचारलंस. खरं सांगते. तालुका पातळीवर पगार बहुतेक ठिकाणी नसतो. तू स्ट्रिंगर असशील, लागलेल्या बातमीमागे पैसे मिळतील, तेही उशिरा. पेट्रोल आपलं, मोबाइल आपला. तुझ्या घरची परिस्थिती कशी आहे मला माहीत नाही, पण पहिली दोन-तीन वर्षं दुसरं काही उत्पन्न जोडीला असलेलं बरं. शिकवणी घे, वर्तमानपत्रासाठी लिही, भाषांतराची कामं कर. एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळ : बातमीच्या जोडीला जाहिरात गोळा करायला सांगितली तर नाही म्हण. ज्या साखर कारखान्याची दिवाळीची जाहिरात तू आणलीस, त्याच्या थकीत एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या ऊसदराची, बातमी तुझ्या हातून होणार नाही. चॅनेल मोठं आहे म्हणून नोकरी पक्की, असंही समजू नकोस. मी एका ठिकाणी तीन महिन्यांचा पगार बुडवून घेतला आहे. चॅनेल बंद होतंय हे आम्हाला सिग्नल गेल्यावर कळलं. नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, मेलवर आलेलं मानधनाचं बोलणं, सगळं जपून ठेव. मुंबईत अँकर झाल्यावर बरं मिळतं, पण तिथंही करारच असतो, एक-दोन वर्षांचा.

सकाळच्या शिफ्टसाठी पहाटे साडेतीनला उठणं, सणाला घरी नसणं, गणपतीत तर हमखास विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं असणं, हे गृहीत धर. बाळंतपणानंतर मला स्क्रीन परत मिळवायला आठ महिने लागले. कुणी नाही म्हणत नव्हतं, फक्त रोस्टरमध्ये नाव येत नव्हतं. तेव्हा मी आउटपुट डेस्कवर बसून पॅकेज, म्हणजे तयार बातम्यांच्या स्क्रिप्ट, लिहीत राहिले. ते लिहिणं मला टिकवून गेलं. चेहऱ्याची मागणी कमी-जास्त होते. चाळीस सेकंदांत नेमकी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक न्यूजरूम जागा करून देते. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची स्क्रिप्ट स्वतः लिही.

कोर्सबद्दल. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारितेचं शिक्षण घेता आलं तर जरूर घे. माध्यम कायदा, लेखन, वाचन यांना तिथं शिस्त लागते. पण फक्त ‘अँकरिंग’ शिकवणारे जे दोन-तीन महिन्यांचे महागडे वर्ग आहेत, जिथं मेकअप, ब्लेझर आणि प्रॉम्प्टरसमोरची एक क्लिप देतात, तिथं वडिलांचे पैसे घालू नकोस. त्याऐवजी आकाशवाणीवर लक्ष ठेव. छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक वृत्त विभाग आहे. तिथं हंगामी वृत्तनिवेदक व भाषांतरकारांसाठी अधूनमधून जाहिरात निघते, लेखी आणि आवाजाची चाचणी होते. चेहरा दिसत नाही तिथं आवाज आणि शब्द दोन्ही घासून निघतात.

स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढू का, असं तू विचारलं नाहीस, पण आज ना उद्या विचारशील. काढ. मात्र वर दुसऱ्या कुणाची नजर नसते, म्हणून एखाद्या वडीलधाऱ्या पत्रकाराला प्रत्येक बातमी अपलोड करण्याआधी दाखव.

आता एक काम देते. मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे, पाणी तुम्ही पिता. आजचा उपयुक्त साठा किती, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता, हे फोन करून विचार. उत्तर दशलक्ष घनमीटरमध्ये मिळेल; 28.32 दलघमी म्हणजे 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट), हिशेब तूच कर. मग लातूर शहराला ते किती दिवस पुरेल हे कुणाला विचारावं लागेल, ते शोधून त्यालाही विचार. मोबाइल उभा करून, कागद न बघता, 45 सेकंदांत सांग. जे कळलं नाही ते कळलं नाही असं म्हण. ती क्लिप मला पाठव. मी ऐकून, कुठला च चुकला तेही कळवीन.